नऊ पिक्सेलची अक्षरं

१ जानेवारी, सकाळी ६.४०

नवी डायरी. सगळ्यात आधी, स्वतःच्या हातांनी आजवर काय काय केलं त्याची नोंद. कोणी विचारत नाही ते सोडा, पण विचारलंच तर ऐन वेळी आठवत नाही.

अंतराळयानं, पत्र्याची आणि पुठ्ठ्याची: ४१. पैकी मोडकी दोन (एक मांजरामुळे, एक बायकोमुळे).
अवकाशस्थानकं: ६.
ग्रह: ११. नऊ रबरी चेंडू, एक बल्ब, एक बटाटा. बटाटा सुकून आता लघुग्रह झाला आहे.
फोटोसाठी फिरतं टेबल, जुन्या रेकॉर्ड प्लेअरचं, कडेला सोळा खुणा कोरलेलं: १. प्रत्येक यानाचे सोळा दिशांनी फोटो लागतात.
पितळेवर कोरून, फोटो काढून स्क्रीनवर चढवलेली अक्षरं, अंक, चिन्हं: ९४.
पॅनेलची (स्क्रीनवरची माहितीची पट्टी) बटणं: ३४.
यासाठी केलेले कोर्स, क्लास, गुरू: शून्य.

हे सगळं ‘क्विंटारा’साठी. तेवीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर गेम. अवकाशात पाच जमाती, ग्रह जिंकायचे, ताफे बांधायचे आणि चारशे टर्न (पाळ्या) झाले की आपलं मूळ जहाज घरी न्यायचं. पण तीनशे नव्वदाव्या टर्नला गेम बंद पडायचा. सगळ्यांचाच. त्यामुळे शेवट आजवर कोणीही पाहिलेला नाही. मास्तरने दोन वर्षं खपून ती खोट काढली, तर पुढे नुसती काळी स्क्रीन. शेवट केलेलाच नव्हता. कोणी पोचतच नाही म्हटल्यावर करतो कशाला!

तर हा गेम आम्ही नव्याने उभा करतोय. अशा जोडकामाला मॉड म्हणतात. आम्ही म्हणजे मी आणि मास्तर. मास्तर शाळेत गणित शिकवतो आणि मॉडचं कोड लिहितो. बाकी सगळं मी. वर्ष नववं. राहिलंय फक्त शेवटचं दृश्य, जहाज घरी येतं ते.

संकल्प: ३१ मार्चला आवृत्ती १.० प्रकाशित. काहीही झालं तरी.

९ जानेवारी, दुपारी

नावं कोरायचं दुकान, पण गिऱ्हाईक नाही. समोरच्याने लेझर मशीन घेतल्यापासून लोकांना कोरलेलं अक्षर आणि जाळलेलं अक्षर यांतला फरक कळेनासा झाला आहे. नुकसान त्यांचंच.

मास्तर आला. स्टुलावर बसून चहा घेतला आणि भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाला की उस्ताद (मला तो हेच म्हणतो), माझ्या डोळ्याचा पडदा झिजतोय. नेमका मधला भाग. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. किती दिवस, विचारलं. म्हणाला, वाचता येण्यासारखे सहा महिने धर. मी म्हणालो, दुसऱ्या डॉक्टरला दाखव. म्हणाला, हा दुसराच.

मग मुद्द्यावर आला. त्याला क्विंटारा पहिल्या टर्नपासून चारशेपर्यंत एकदा स्वतः खेळायचा आहे. रोज सात टर्न, म्हणजे दोन महिने. शेवट डोळ्यांनी बघायचा आहे. त्यासाठी दोन गोष्टी मागितल्या. शेवटचं दृश्य लवकर बांध. आणि पॅनेलवरची अक्षरं नऊ पिक्सेल उंच आहेत, ती अठराची कर.

दृश्याचं हो म्हणालो. अक्षरांचं बघू म्हणालो.

१० जानेवारी, सकाळी ७.१५

अक्षरांचं बघितलं. जमत नाही. दुप्पट केली की पॅनेल मोडतं, चौतीसही बटणं नव्याने काढावी लागतात. आणि मुळात नऊ पिक्सेलमध्ये इंग्रजी लहान ‘जी’ची शेपटी वळवायला मला तेरा दिवस लागले होते. ते तेरा दिवस कोणाला दिसत नाहीत.

निर्णय: मोठी अक्षरं आवृत्ती १.१ मध्ये.

तोवर मास्तरला दुकानातलं माझं दहापटीचं भिंग दिलं. चांगलं आहे, परदेशी. परत कधी, हे विचारलंसुद्धा नाही. मित्रासाठी माणसाने एवढं करावं.

२ फेब्रुवारी

मूळ जहाज सुरू. लांबी बासष्ट सेंटीमीटर. पत्र्याच्या मागून सुईने टोचून पुढे रिव्हेट, म्हणजे खिळ्याच्या डोक्यासारखे ठिपके, उठवायचे. एकूण रिव्हेट १,१४६. रोज चाळीस केले तर एकोणतीस दिवस. मार्चच्या सुरुवातीला मोकळा.

२१ फेब्रुवारी

रिव्हेट ३१२. सर्दी झाली होती. शाळांच्या ट्रॉफ्या आल्या होत्या. शिवाय चौथी रांग अर्ध्या मिलिमीटरने तिरकी गेली म्हणून तो पत्राच टाकून दिला. म्हणजे खरं तर २०४.

मास्तर बघायला आला. कागदावर गणित करूनच आणलं होतं. म्हणाला, उस्ताद, तुझं जहाज स्क्रीनवर पाचशे पिक्सेल लांब दिसणार. त्या हिशोबाने तुझा एक रिव्हेट म्हणजे एका पिक्सेलचा तिसरा हिस्सा. दिसणार नाही बाबा. देवाला दिसेल, पण तो काही गेम खेळत नाही.

मी म्हणालो, दिसणं वेगळं आणि असणं वेगळं. त्याला पटलं असावं. भिंगातून बराच वेळ जहाज बघत राहिला.

३१ मार्च, संध्याकाळी

आवृत्ती १.० आज प्रकाशित झाली नाही.

कारणं: (१) रिव्हेट ६९०. (२) फेब्रुवारी महिना हिशोबात मोठा धरला गेला. (३) मास्तरने मध्येच कोडमध्ये काहीतरी सुधारून ठेवलं, त्यामुळे माझं लक्ष विचलित झालं.

नवी तारीख ३० एप्रिल. हिला सांगितलं. ही म्हणाली, कुठल्या सालचा एप्रिल तेवढं लिहून ठेवा.

१२ एप्रिल, सकाळी

क्विंटाराचे हक्क आता ज्या कंपनीकडे आहेत तिथल्या एका बाईंचं मेल. आधी चार ओळी तारीफ, मग अटी. वाचलं. उत्तर पाठवलं. दुकान उघडायला अकरा मिनिटं उशीर झाला. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

१३ एप्रिल

मास्तर येऊन गेला. मेलचं बोलायचं राहून गेलं. तो घाईत होता.

(पाऊण तास बसला होता. पण मनाने घाईत होता.)

३० एप्रिल

रिव्हेट ८०५. नवी तारीख लिहीत नाही. तारखेचं दडपण आलं की सुई वाकडी जाते, हे लक्षात आलं आहे.

९ मे, दुपारी

मास्तर आणि वहिनी दोघं दुकानात. पूर्वी तो एकटा यायचा. आता रस्ता ओलांडताना वहिनी कोपर धरतात आणि तो त्यांना, मी काय म्हातारा आहे का, म्हणून रागावतो.

शाळेत मुलं सांगतात म्हणे, की सर, सहाच्या जागी आठ वाचलात. गेममध्येही तेच. त्याने न थांबता आहे त्या मॉडवर खेळायला सुरुवात केली होती, भिंग घेऊन. एकसष्टाव्या टर्नला इंधन तीन होतं, त्याला आठ वाटलं. अख्खा ताफा निघाला आणि अंधारात मध्येच थांबला. सव्वीस जहाजं. हे सांगताना मास्तर पोट धरून हसत होता. म्हणाला, त्यांच्यातल्या कोणाच्या तरी घरी विचारत असतील, अजून कसे आले नाहीत.

वहिनी हसल्या नाहीत. म्हणाल्या, भावजी, अक्षरं मोठी करायला किती वेळ लागतो? मी त्यांना पॅनेलची रचना, बटणांचं प्रमाण, ‘जी’ची शेपटी, सगळं वीस मिनिटं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे किती? तीन आठवडे, म्हणालो. मग करा ना, म्हणाल्या.

बाईमाणसाला आवृत्तीचं गणित समजावणं अवघड. १.१ हे १.० च्या आधी येत नाही.

२७ मे

अनर्थ. जहाज बांधून पूर्ण, रिव्हेट १,१४६, मोजून. फोटो काढला. कॉम्प्युटरवर चढवला. आणि तेव्हा दिसलं की मी दिवा डावीकडे ठेवला आहे. शेवटच्या दृश्यात सूर्य उजवीकडे आहे. म्हणजे जहाजाची सावली सूर्याच्याच दिशेने पडते!

मास्तरला फोन केला. म्हणाला, फोटो आरशासारखा उलटव, एक बटण दाबायचं काम आहे. मी म्हणालो, मग जहाजावर कोरलेलं नाव उलटं दिसेल. तो म्हणाला, ते नाव दोन पिक्सेलचं आहे, ते सुलटंसुद्धा दिसत नाही. मी म्हणालो, मास्तर, तू गणिताचा माणूस आहेस.

मग म्हणाला, उस्ताद, तू तुझ्या पद्धतीने कर, पण जरा लवकर कर.

दिवा उजवीकडे घेतला तर त्या बाजूचे रिव्हेट फिके दिसतात. ती बाजू पुन्हा.

१८ जून

मास्तर दुकानात बसून होता. माझ्या टेबलावरचं वर्तमानपत्र ओढून मथळे घडाघडा वाचून दाखवले. खालचा बारीक मजकूर नाही वाचला. मी म्हणालो, बघ, दिसतंय की. डॉक्टर लोक घाबरवतात. तो म्हणाला, हो, मोठं आहे तोवर दिसतंय.

घरी येऊन हिला सांगितलं की मास्तरची तब्येत सुधारते आहे. ही भांडी पुसत होती. म्हणाली, तुम्ही त्यांच्या डोळ्यांकडे बघता की त्यांच्या हातातल्या भिंगाकडे?

अर्थ लागला नाही. रिव्हेट (उजवी बाजू) ३७०.

५ जुलै

मास्तरने नोकरी सोडली. सात वर्षं बाकी होती. शाळेने निरोपाच्या स्मृतिचिन्हाची ऑर्डर मलाच दिली. लेझरवाल्याकडे गेले नाहीत, याची नोंद असावी.

पितळी पट्टीवर एकतीस वर्षांची सेवा चार ओळींत बसवली. तीन मिलिमीटरची अक्षरं, एकाही कान्याला ओरखडा नाही. गेल्या दहा वर्षांतलं माझं सर्वोत्तम काम. मोठी अक्षरं काढून जागा भरणं कोणालाही जमतं.

समारंभात मुख्याध्यापकांनी ते त्याच्या हातात दिलं. त्याने पट्टीवरून अंगठा फिरवला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सावकाश. माझ्याकडे तोंड करून म्हणाला, काम तुझं आहे ते कळतंय रे. काय लिहिलंय?

टाळ्या वाजत होत्या. मी त्याच्या कानाशी वाकून चारही ओळी वाचून दाखवल्या.

६ जुलै, सकाळी ५.३०

अठरा पिक्सेलची अक्षरं सुरू.

१० जुलै

चौऱ्याण्णवही अक्षरं झाली. पाच दिवसांत. ‘जी’ची शेपटी एका दुपारी वळली. मोठ्या अक्षरात वळायला जागा असते.

१८ जुलै

चौतीस बटणं झाली. पॅनेल मोडलं नाही. थोडं सरकवावं लागलं, इतकंच. एकूण तेरा दिवस.

१९ जुलै

मास्तरच्या घरी गेलो. त्याच्या कॉम्प्युटरवर सगळं चढवून दिलं आणि खुर्ची मागे घेऊन उभा राहिलो. तो बराच वेळ स्क्रीनजवळ नाक नेऊन बसला. मग म्हणाला, उस्ताद, छान झालंय असं वाटतंय. छत्तीसची करता येतील का?

छत्तीसच्या अक्षरात पॅनेलवर दोन शब्द बसतात. तसं सांगितलं. म्हणाला, राहू दे मग. घाई करू नकोस, तुझं जहाज नीट होऊ दे.

वहिनी चहा ठेवून आत गेल्या त्या परत बाहेर आल्या नाहीत. कामात असतील.

२२ ऑगस्ट

रिव्हेट उजवी बाजू पूर्ण. नवीन फोटो. सावली बरोबर. आनंद व्हायला हवा होता. हवामान दमट आहे, त्याने झाला नसेल.

१४ सप्टेंबर, सकाळी ९.००

आवृत्ती १.० प्रकाशित. दुकान बंद ठेवलं. लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला दिवसभर कॉम्प्युटरसमोर.

१४ सप्टेंबर, संध्याकाळी ६.००

डाउनलोड: अकरा. त्यातले दोन माझेच, चालतंय का बघायला. प्रश्न: एक. ‘गंजलेला रोबो’ असं नाव घेणाऱ्याने विचारलं आहे की मोठ्या अक्षरांची सोय वर्षभर आधी का नाही दिलीत, माझ्या वडिलांना हा गेम फार आवडायचा.

उत्तर दिलेलं नाही. उद्धट प्रश्न आहे.

२० सप्टेंबर, दुपारी

मास्तरच्या घरी शेवट दाखवायला गेलो. त्याला खेळणं शक्य नाही म्हणून तीनशे नव्व्याण्णव टर्न मीच खेळून, ते सेव्ह करून नेले होते. म्हटलं, शेवटचा टर्न तू दाब. त्याचं बोट धरून एंटरच्या बटणावर ठेवलं. दाबलं.

जहाज आलं. काळ्या आकाशातून हळूहळू, उजव्या बाजूने उजेड अंगावर घेत. सावली जशी हवी तशी. मी मास्तरकडे बघितलं, तर हा भलतीकडेच, कपाटाकडे तोंड करून बसलेला. मला राग आला. नऊ वर्षांचं काम. म्हणालो, तिकडे काय बघतोस, स्क्रीन इकडे आहे.

वहिनी दारातून म्हणाल्या, भावजी, ते तसंच बघतात आता. समोर बघितलं की दिसत नाही. कडेनेच दिसतं.

तो तसाच, कपाटाकडे तोंड करून, माझं जहाज बघत होता. विचारलं, काय दिसतंय? म्हणाला, काहीतरी उजळ, डावीकडून उजवीकडे जातंय. मोठं आहे. तेच का? मी म्हणालो, तेच. थोड्या वेळाने विचारलं, पोचलं का? म्हणालो, पोचलं.

म्हणाला, मग आता तू सांग, रिव्हेट किती. अकराशे सेहेचाळीस, म्हणालो. सगळे दिसतात का? म्हणालो, हो.

एकही दिसत नाही. त्याचं गणित बरोबर होतं.

६ ऑक्टोबर

कंपनीने क्विंटारा नव्याने बाजारात आणला. वहिनींनी फोनमधली बातमी मास्तरला वाचून दाखवली तेव्हा मी तिथेच होतो. कुठल्यातरी तिघांचं मॉड आत घातलं आहे. अक्षरं हवी तेवढी मोठी होतात, शिवाय मजकूर आवाजात वाचून दाखवतात. शेवटचं दृश्य त्यांचं त्यांनी केलं आहे. जहाज गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखं.

मास्तरने सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, आपल्याला विचारलं नसेल का रे त्यांनी? नऊ वर्षं करत होतो आपण.

म्हणालो, छे.

म्हणाला, विचारायला हवं होतं. तुझं काम त्यांनी बघितलंच नसेल. नाहीतर सोडलं नसतं.

७ ऑक्टोबर, सकाळी ६.४०

ही डायरी कोणी वाचत नाही. तेव्हा लिहायला हरकत नाही.

१२ एप्रिलच्या मेलमध्ये असं होतं. आमचं मॉड गेमबरोबर द्यायचं. जहाज आहे तसं चालेल, रिव्हेट पूर्ण नसले तरी. पॅनेलची अक्षरं मोठी करायला त्यांची दोन माणसं देणार होते, पंधरा दिवसांत काम करून. नावं दोघांची येणार होती. आधी मास्तरचं, कारण गेम बंद पडायची खोट त्याने काढली. नंतर माझं.

मी लिहिलं, अपूर्ण काम आम्ही देत नाही. आम्ही, असंच लिहिलं. मास्तरला विचारलं नाही.

पंधरा दिवस म्हणजे एप्रिलअखेर. पुढे मे आणि जून, दोन महिने. चारशे टर्नना तेवढेच लागतात. जूनमध्ये तो मथळे वाचत होता.

रक्कम सहा लाख चाळीस हजार. दोघांना निम्मी निम्मी.